नंबर तोच, तरी एक जोड चावतो आणि दुसरा निसटतो: बुटाच्या मापाची अडचण मुळापासून कशी शोधावी

"माझा नंबर आठ" असे आपण सहज सांगून जातो. प्रत्यक्षात मात्र आठ नंबरचा एक जोड करंगळीला चावतो, दुसऱ्यात दर पावलाला टाच वर येते आणि तिसरा पहिल्या दिवसापासून पायात नीट बसतो. तक्रार केली की उत्तर ठरलेले असते: या कंपनीचे माप लहान येते, एक नंबर वरचा घ्या. वरचा नंबर घेतला की चावणे थांबते, पण बूट ढिला होतो. मग जाड मोजे येतात, इनसोलखाली, म्हणजे बुटातल्या पायाखालच्या गादीखाली, आणखी एक इनसोल येतो आणि काही आठवड्यांनी तो जोड अडगळीत पडतो. पुढच्या खरेदीला हेच सारे पुन्हा घडते. असे होत राहण्याचे कारण माझ्या मते एकच आहे. अडचण बहुतेक वेळा रुंदीची, घेराची किंवा चवड्याच्या जागेची असते आणि उपाय मात्र लांबीवर केला जातो, कारण खोक्यावर छापलेला आकडा फक्त लांबी सांगतो. ती लांबीही बऱ्याचदा आपल्या पावलाची नसते.

आकडा नेमका कशाचा असतो

बूट ज्या पायाच्या आकाराच्या साच्यावर ओढून तयार केला जातो, त्याला कालबूत किंवा कारखान्याच्या भाषेत लास्ट म्हणतात. ब्रिटिश, अमेरिकी आणि युरोपीय या तिन्ही रूढ पद्धतींतला आकडा या लास्टच्या लांबीवर आधारलेला आहे. बोटांना पुढे हालचालीसाठी मोकळी जागा लागते, म्हणून लास्ट पावलापेक्षा लांब ठेवावा लागतो; साधारणपणे दहा ते वीस मिलिमीटर. ही जागा नेमकी किती सोडायची, हे बूट कोणत्या कामाचा आहे आणि त्याचे टोक कसे आहे यावर प्रत्येक उत्पादक आपल्या अनुभवाने ठरवतो. खरी गडबड येथूनच सुरू होते.

ब्रिटिश पद्धतीत एका नंबरापासून पुढच्या नंबरापर्यंतचे अंतर एक जव, म्हणजे इंचाचा तिसरा भाग, सुमारे ८.४७ मि.मी. असते, अर्धा नंबर म्हणजे ४.२३ मि.मी. प्रौढांचा आकडा काढण्यासाठी लास्टची लांबी इंचांत घेऊन तिला तीनने गुणावे आणि त्यातून २५ वजा करावेत. पुरुषांच्या अमेरिकी आकड्यासाठी २५ ऐवजी २४ वजा करतात. युरोपीय पद्धतीत एक पायरी सेंटिमीटरच्या दोनतृतीयांश, म्हणजे ६.६७ मि.मी. असते, म्हणून लास्टच्या सेंटिमीटरमधील लांबीला दीडने गुणले की युरोपीय आकडा मिळतो.

एक उदाहरण करून पाहू. एखाद्याचे पाऊल २५५ मि.मी. लांब आहे. पहिल्या उत्पादकाने पुढे १५ मि.मी. जागा सोडली, तर लास्ट २७० मि.मी. लांब होतो, त्याचा युरोपीय आकडा ४०.५ आणि ब्रिटिश आकडा ६.८९, म्हणजे व्यवहारात ७ येतो. दुसऱ्याने २० मि.मी. सोडले, तर लास्ट २७५ मि.मी. होतो आणि आकडे ४१.२५ व ७.४८ येतात, म्हणजे साडेसात. पाऊल तेच आहे, दोघांचेही गणित बरोबर आहे आणि दोन्ही बूट नीट बसणारे आहेत, तरी नंबरात अर्ध्याचा फरक पडला. निमुळत्या टोकाच्या बुटांत हा फरक आणखी वाढतो, कारण तेथे बोटांच्या पुढे बराच रिकामा भाग असतो आणि तो लांबीत धरायचा की नाही याबद्दल सगळे एकमत नाहीत.

त्यात दोन पद्धतींच्या पायऱ्या एकमेकींशी जुळत नाहीत. ब्रिटिश ७ हा काटेकोर हिशेबाने युरोपीय ४०.६ येतो, साडेसात हा ४१.३ येतो आणि युरोपीय ४१ या दोहोंच्या मधोमध अडकतो. म्हणून एका तक्त्यात ७ समोर ४१ लिहिलेले असते, तर दुसऱ्यात साडेसातसमोर. या दोहोंपैकी कोणताही तक्ता खोटा म्हणता येत नाही, कारण त्याला कुठेतरी पूर्णांक करावाच लागतो. अमेरिकी आकड्यांत पुरुषांच्या आणि स्त्रियांच्या मोजपट्ट्याही वेगळ्या आहेत. त्यांच्यात बहुधा दीड नंबराचे अंतर धरतात, पण एक किंवा दोनचे अंतर धरणारे तक्तेही सर्रास सापडतात. त्यामुळे एका पद्धतीतून दुसरीत आणि दुसरीतून तिसरीत असे रूपांतर करत गेल्यास दर टप्प्यावर काही मिलिमीटरची चूक जमा होत जाते. माझा आग्रह असा की रूपांतराचे तक्ते शक्यतो वापरूच नयेत. पावलाची मिलिमीटरमधील लांबी हाताशी ठेवावी आणि उत्पादकाने त्या लांबीसमोर काय लिहिले आहे तेवढेच पाहावे.

पावलालाच मोजणारी एक पद्धत आहे. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ९४०७ मध्ये सांगितलेली ही पद्धत मोंडोपॉइंट या नावाने ओळखली जाते. तीत पावलाची लांबी आणि रुंदी मिलिमीटरमध्ये लिहितात. २६०/१०० असे लेबल म्हणजे २६० मि.मी. लांब आणि १०० मि.मी. रुंद पावलासाठी केलेला बूट. स्कीच्या बुटांवर आणि अनेक देशांच्या सैनिकी बुटांवर ती वापरली जाते. जपानमध्ये सेंटिमीटर आणि कोरियात मिलिमीटर वापरण्याची रीतही पावलाच्याच लांबीवर आधारलेली आहे. जोडावर असा आकडा छापलेला असेल, तर बाकीचे तीन आकडे सोडून आधी तोच वाचावा.

एकाच कंपनीच्या दोन जोडांतही फरक का पडतो

नवा बूट आखताना प्रथम एकाच मधल्या नंबराचा लास्ट घडवला जातो, त्यावर नमुना बेतून पायात घालून तपासला जातो आणि मग त्याच लास्टवरून ठरावीक प्रमाणात लहान-मोठे लास्ट काढले जातात. म्हणजे काळजीपूर्वक तपासलेला बूट बहुधा मधल्या नंबराचाच असतो. अगदी लहान किंवा अगदी मोठ्या पावलांचे लोक मापाबद्दल जास्त कुरकुर करतात, त्याचे एक कारण हे असावे. शिवाय एकाच कंपनीकडे धावण्याच्या बुटांचा लास्ट वेगळा, चामड्याच्या बुटांचा वेगळा आणि डोंगर चढण्याच्या बुटांचा आणखी वेगळा असतो. "या कंपनीत माझा नंबर अमुक" हे विधान त्यामुळे फारसे उपयोगाचे राहत नाही. विशिष्ट मॉडेलबद्दल ते खरे असते, तेही त्या मॉडेलचा लास्ट बदलेपर्यंतच.

लास्ट तोच असला तरी आतली जागा बदलू शकते. अस्तर जाड असेल, टाचेभोवती फोम जास्त असेल किंवा इनसोल दोन मिलिमीटर उंच असेल, तर पाऊल वर उचलले जाते आणि पावलाच्या पाठीवर बूट घट्ट लागतो. फोम वापरून दबतो, म्हणून मऊ गादीचा बूट पहिल्या दिवशी अंगाबरोबर वाटला तर काही आठवड्यांनी सैल पडण्याचा संभव असतो. चामडे रुंदीत थोडे सैलावते, कृत्रिम कापड जवळजवळ सैलावत नाही आणि लांबीत कोणताही बूट वाढत नाही, कारण खालचा सोल वाढत नाही. "वापरून सैल होईल" हे आश्वासन ऐकताना या तीन गोष्टी आठवाव्यात. उंच टाचेच्या पादत्राणात सारे वजन पुढे घसरते आणि बोटे टोकाशी दाटतात. तेथे मोठा नंबर घेतला तर पाऊल आणखी पुढे सरकते आणि त्रास वाढतो.

रुंदीबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवे. ब्रिटिश प्रथेत लांबीचा एक नंबर वाढला की चवड्याभोवतीचा घेर साधारण पाव इंच, म्हणजे सुमारे सहा मिलिमीटर वाढवतात. रुंद पावलाच्या माणसाला मोठा नंबर घेतल्यावर बरे वाटते ते या सहा मिलिमीटरांमुळे. पुढे वाढलेल्या लांबीशी त्याचा काहीच संबंध नसतो. पण घेराबरोबर ती साडेआठ मिलिमीटर लांबी घ्यावीच लागते आणि तिच्यासोबत टाच उचलली जाणे, बूट चुकीच्या जागी मुडपणे आणि पाऊल आत सरकणे हे सारे येते. खरा उपाय त्याच लांबीचा, पण रुंद लास्टवर केलेला बूट हा आहे. रुंदी अक्षरांनी दाखवतात, परंतु अक्षरांचा अर्थ सर्वत्र एक नाही: अमेरिकी पद्धतीत पुरुषांच्या बुटात डी ही नेहमीची रुंदी मानतात, तर स्त्रियांच्या बुटात नेहमीची रुंदी बी असते आणि डी म्हणजे रुंद. ब्रिटिश उत्पादकांची अक्षरे याहून निराळी. म्हणून अक्षर वाचताना ते कोणत्या पद्धतीचे आणि कोणासाठीचे आहे, हे आधी पाहावे.

पाऊल कसे मोजावे

मोजमाप संध्याकाळी करावे, कारण दिवसभराच्या उभे राहण्याने आणि चालण्याने पाऊल थोडे सुजलेले असते आणि बूट त्या अवस्थेतही मावायला हवा. जे मोजे त्या बुटात घालायचे तेच घालावेत. भिंतीला लागून कागद पसरावा, टाच भिंतीला टेकवावी आणि दोन्ही पायांवर सारखे वजन देऊन सरळ उभे राहावे. बसून घेतलेले माप कमी येते, कारण वजन पडल्यावर पायाची कमान थोडी खाली बसते आणि पाऊल लांब व रुंद होते. खुणा दुसऱ्या कोणी कराव्यात; आपण स्वतः वाकलो की वजन पुढे जाते आणि टाच भिंतीपासून सुटते. पेन्सिल उभी धरावी. ती बोटाखाली तिरपी गेली तर तीन-चार मिलिमीटर सहज कमी होतात, आणि वर पाहिलेच की तेवढ्यात अर्धा नंबर निघून जातो. सर्वांत लांब बोट अंगठाच असेल असे नाही. अनेकांचे दुसरे बोट पुढे असते.

यानंतर चवड्याची रुंदी घ्यावी, म्हणजे अंगठ्याच्या मुळाशी बाहेर आलेल्या हाडापासून करंगळीच्या मुळाशी असलेल्या हाडापर्यंतचे अंतर. ही रेषा थोडी तिरपी येते, तशीच राहू द्यावी. त्याच जागी शिंप्याच्या टेपने घेरही मोजता येतो. तिसरे माप फार कोणी घेत नाही, पण माझ्या मते तेच सर्वांत कामाचे आहे: भिंतीपासून अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या हाडापर्यंतचे, म्हणजे टाच ते चवडा हे अंतर. चालताना पाऊल या सांध्यावर मुडपते आणि बुटालाही मुडपण्याची एक ठरलेली जागा असते. या दोन जागा जुळल्या नाहीत, तर लांबी आणि रुंदी अचूक असूनही बूट कधी नीट बसत नाही.

समजा दोघांची पावले २५५ मि.मी. लांब आहेत. एकाची बोटे आखूड आहेत आणि त्याचे टाच ते चवडा अंतर १९० मि.मी. आहे, दुसऱ्याची बोटे लांब आहेत आणि त्याचे तेच अंतर १८२ मि.मी. आहे. दोघांनी एकच बूट घातला, तर पहिल्याचा सांधा बुटाच्या मुडपण्याच्या जागेच्या पुढे येईल आणि त्याला अर्धा नंबर वर जावे लागेल, जरी त्याच्या बोटांपुढे भरपूर जागा दिसत असली तरी. अमेरिकेतील सिराक्यूज येथील चार्ल्स ब्रॅनॉक यांनी १९२० च्या दशकात तयार केलेले धातूचे मोजयंत्र आजही बुटांच्या अनेक दुकानांत दिसते. त्यावर याच कारणासाठी तीन मापांच्या खुणा असतात: लांबीची, रुंदीची आणि टाच ते चवडा या अंतराची. लांबी आणि हे तिसरे माप यांचे आकडे वेगळे आले, तर दोहोंतला मोठा नंबर धरण्याची रीत आहे. घाईच्या वेळी विक्रेते लांबीची खूण पाहून मोकळे होतात. तेव्हा टाच ते चवडा ही खूण पाहायला आपणच सांगावे.

दोन्ही पावले मोजावीत. त्यांच्यात थोडा फरक असणे अगदी सर्वसामान्य आहे आणि खरेदी नेहमी मोठ्या पावलाच्या मापाने करावी. जुन्या मापावर विसंबू नये. वय, वजन आणि गर्भारपण यांमुळे पावलाची रुंदी व लांबी बदलू शकते आणि बदललेले माप पुन्हा मागे येईलच असे नाही.

कुठे दुखते, त्यावरून कारण शोधणे

चवड्याच्या बाजूला किंवा करंगळीला चावतो, पण पुढे बोटे मोकळी आहेत, ही सर्वांत जास्त आढळणारी तक्रार. येथे लांबीला हात लावू नये. बुटातला इनसोल बाहेर काढून जमिनीवर ठेवावा आणि त्यावर वजन देऊन उभे राहावे. करंगळीचा किंवा चवड्याचा भाग इनसोलच्या कडेबाहेर गेला, तर लास्ट आपल्या पायासाठी अरुंद आहे आणि तो जोड कितीही वापरला तरी पुरेसा सैलावणार नाही. चामड्याचा बूट दोन-तीन मिलिमीटरनेच अरुंद असेल, तर चांभाराकडून लाकडी साच्यावर त्या जागी ताणून घेता येतो. पाऊल इनसोलवर व्यवस्थित मावत असूनही चावत असेल, तर दोष टोकाच्या आकाराचा असतो: बोटांची रांग तिरपी आणि बुटाचे टोक मधोमध निमुळते असले, की करंगळी दाबली जाते. अशा वेळी नंबर तोच ठेवून गोल किंवा अंगठ्याच्या बाजूला झुकलेल्या टोकाचा बूट पाहावा.

उतारावर किंवा धावताना बोटे पुढे आपटतात आणि नख काळेनिळे पडते, तेव्हा सगळे म्हणतात की बूट आखूड आहे. तसे असू शकते, पण तितक्याच वेळा बूट पावलाच्या पाठीवर ढिला असतो आणि पाऊल आत पुढे घसरत असते. हे ओळखण्याची सोपी रीत आहे. टाच मागे ठोकून बसवावी, लेस घोट्याजवळ नेहमीपेक्षा घट्ट आवळावी आणि पुन्हा उतारावर चालावे. आपटणे थांबले, तर लांबी पुरेशी आहे आणि आतली जागा जास्त आहे. बुटाच्या जिभेखाली, म्हणजे लेसखालच्या पट्टीच्या आतून, चिकटवायची पातळ गादी किंवा थोडा जाड इनसोल पुरतो. आपटणे तसेच राहिले, तर बूट खरोखरच आखूड आहे. आखूड बुटावर इलाज नाही, तो बदलावाच लागतो.

टाच वर येण्याची कारणे तीन असतात आणि ती एकमेकांत मिसळली जातात. नव्या कडक सोलच्या बुटात काही मिलिमीटर हालचाल होणे स्वाभाविक आहे. सोल मुडपू लागला की ती कमी होते. बूट लांब असेल, तर टाच उचलली जाण्याबरोबरच पुढे बोटांसमोर अंगठ्याच्या रुंदीपेक्षा बरीच जास्त जागा रिकामी दिसते. पुढची जागा बरोबर असूनही टाच निसटत असेल, तर टाचेचा कप, म्हणजे टाच धरून ठेवणारा बुटाचा मागचा भाग, आपल्या टाचेपेक्षा रुंद आहे. रुंद चवडा आणि अरुंद टाच अशी पावले पुष्कळ असतात, आणि नेमके त्याच लोकांना मोठा नंबर घेण्याचा सल्ला सर्वांत जास्त मिळतो. त्यांनी सर्वांत वरच्या दोन छिद्रांचा उपयोग करून पाहावा: प्रत्येक बाजूची लेस बाहेरून त्याच बाजूच्या शेवटच्या छिद्रात घालून एक छोटा फास तयार करावा, मग दोन्ही लेस समोरच्या फासांतून ओवून खाली व मागे ओढाव्यात आणि नेहमीची गाठ मारावी. खेळाच्या बुटांत शेवटचे जादा छिद्र यासाठीच ठेवलेले असते आणि बहुतेक जण ते आयुष्यभर रिकामे ठेवतात.

पावलाच्या पाठीवर दाब येतो, लेसची खूण उमटते किंवा बोटांना मुंग्या येतात, तेव्हा पावलाची कमान उंच असून बूट ठेंगणा असतो. ज्या जागी दुखते तेथील आडवी लेस काढून दोन्ही बाजूंनी सरळ वर न्यावी. बाकीची लेस पूर्ववत ठेवावी. एवढ्याने भागले नाही, तर सुटा इनसोल काढून पातळ इनसोल घालावा.

बोटांच्या मुळांवर वरून एक घडी टोचते किंवा तळव्याखाली कमानीचा उंचवटा भलत्याच जागी लागतो, या दोन्ही तक्रारी वर सांगितलेल्या मुडपण्याच्या जागेच्या आहेत. बूट हातात घेऊन टोक व टाच जवळ आणावे आणि तो कोठे मुडपतो ती जागा पाहावी; मग पाऊल बाहेरून त्याच्याशेजारी ठेवून अंगठ्याचा सांधा कोठे येतो ते पडताळावे. दोहोंत स्पष्ट अंतर दिसले, तर अर्धा नंबर वर किंवा खाली घालून पाहावा. त्यानेही जुळले नाही, तर तो लास्ट आपल्यासाठी नाही. वापरून हा दोष जात नाही, आणि चामड्यात एकदा चुकीच्या जागी घडी पडली की ती तेथेच पक्की होते.

एकाच पायाला त्रास होत असेल, तर बहुतेक वेळा कारण दोन पावलांतला फरक हेच असते. मोठ्या पावलाला जोड बसवून लहान पावलाच्या बुटात पातळ इनसोल किंवा जिभेखालची गादी घालावी.

ज्यांच्याकडे खूप वापरलेला, आवडता जोड आहे, त्यांनी त्याचा इनसोल बाहेर काढून उजेडात तिरपा धरून पाहावा. टाचेचा खोलगट ठसा, चवड्याखाली गुळगुळीत झालेला भाग आणि पुढे पाच बोटांचे काळपट डाग स्पष्ट दिसतात. अंगठ्याच्या डागापुढे इनसोलची साधारण एक सेंटिमीटर कड कोरी असेल, तर लांबी योग्य होती. डाग थेट कडेवर चढला असेल, तर तो जोड आखूड होता आणि आपल्याला केवळ सवय झाली होती. करंगळीचा डाग अर्धाच दिसत असेल, तर उरलेली करंगळी इनसोलबाहेर, बुटाच्या भिंतीवर वापरली जात होती. नव्या खरेदीला हा इनसोल सोबत न्यावा.

घालून पाहताना आणि घरबसल्या मागवताना

दोन्ही बूट घालावेत, लेस पूर्ण बांधावी आणि उभे राहून तपासावे. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी, साधारण दहा ते पंधरा मिलिमीटर जागा असावी. ती वरून दाबून पाहताना बोटे आखडून घेऊ नयेत, कारण नकळत सगळे तसेच करतात. चवड्याजवळ बूट अंगाबरोबर असावा, पण कापड किंवा चामडे ताणून चकचकीत झालेले दिसू नये. गालिच्यावर चार पावले टाकून निर्णय घेऊ नये. टणक फरशीवर चालावे, पायऱ्या किंवा उतार असेल तर उतरून पाहावे. आपल्या नेहमीच्या नंबराचा, त्याच्या अर्धा खालचा आणि अर्धा वरचा असे तिन्ही जोड मागवून पाहण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही.

घरबसल्या मागवताना तक्त्यातील सेंटिमीटरचा रकाना पाहावा आणि तो पावलाच्या लांबीचा आहे की बुटाच्या आतल्या लांबीचा, हे नक्की करून घ्यावे. दोहोंत सेंटिमीटरभर किंवा अधिक फरक असतो, आणि आतल्या लांबीलाच पाऊल समजून मागवलेला बूट हमखास आखूड निघतो. चांगल्या बसणाऱ्या जोडाच्या इनसोलची लांबी मोजून तुलना करणे उपयोगी पडते, मात्र तुलना त्याच प्रकारच्या बुटाशी करावी. धावण्याच्या बुटाचा इनसोल टोकाशी वर वळलेला असतो आणि त्याची चामड्याच्या बुटाशी गाठ घालता येत नाही. आलेला जोड परत करता येईल अशा अवस्थेत, घरातल्या स्वच्छ फरशीवर, संध्याकाळच्या वेळी तासभर घालून पाहावा.

अरुंद बुटात जाड मोजे घालून "जागा करणे" हा उपाय काही जण सुचवतात. हलक्या चामड्यावर त्याचा थोडा परिणाम होतो, पण तोवर पायाला फोड आलेले असतात. केस वाळवण्याच्या यंत्राने गरम करणे किंवा बूट पाण्यात भिजवून घालणे मात्र टाळावे. सोल चिकटवणारा डिंक उष्णतेने सुटू शकतो आणि भिजलेले चामडे वाळताना कडक होऊन आक्रसते.

लहान मुलांची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्यांची पावले भराभर वाढतात आणि मऊ असल्यामुळे आखूड बुटातही ती तक्रार न करता दुमडून बसतात, म्हणून दुखते का हे विचारण्यापेक्षा दर दोन-तीन महिन्यांनी माप घ्यावे. पुढच्या वर्षीही चालावा म्हणून दोन नंबर मोठा बूट घेऊ नये. त्यात मूल बोटांनी बूट धरून चालते आणि अडखळते.

मधुमेहामुळे किंवा अन्य कारणाने ज्यांच्या पायाची संवेदना कमी झाली आहे, त्यांना "चावतो का" या प्रश्नाचे उत्तर पायाकडून मिळत नाही. त्यांनी बुटाची पारख दुखण्यावरून करू नये; पावलाचा कागदावरचा ठसा कापून इनसोलवर ठेवून पाहावा, नवा जोड सुरुवातीला थोडाच वेळ घालावा आणि काढल्यावर दुसऱ्या कोणाकडून किंवा आरशात पाहून तळवा, बोटांच्या फटी व टाच तपासावी. बूट काढल्यानंतरही बराच वेळ टिकणारा लालसर डाग दिसला, तर तो जोड पुन्हा घालू नये. त्वचा फुटली असेल किंवा फोड आला असेल, तर घरी कापाकापी न करता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.